शेंडा खुडला की फुटवे का येतात?

हरभरा वीतभर झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. घरात भाजी होते आणि शेतात रोपाला खालून फुटवे येतात, रोप पसरते. शहरातला माळी हेच पेटुनियाच्या बाबतीत करतो. पावसाळ्यानंतर लावलेले रोप चार-सहा इंच उंच झाले की तो नखाने शेंडा खुडतो. पुढे फुले येऊ लागली की सुकलेली फुले वेचून काढून टाकतो. हिवाळा संपता संपता फांद्या लांबून बोडक्या दिसू लागल्या, की त्या सरळ अर्ध्यावर छाटतो. अशी निगा राखलेली कुंडी ऊन तापेपर्यंत फुलत राहते. शेजारची, हात न लावलेली कुंडी मात्र दोनचार उंच काड्या आणि त्यांच्या टोकाला मोजकी फुले एवढ्यावर थांबते.

का बरे असे होत असावे? माळ्याला विचारले तर तो म्हणेल, "शेंडा मारला की जोर खाली येतो." शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर एका वाक्यात मिळते: शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते, ते खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरते. वाक्य चुकीचे नाही, पण ते जिथे संपते तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. ही गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांची आहे, आणि तिच्या मधल्या एका महत्त्वाच्या वळणावर खुद्द पेटुनियाच साक्षीदार म्हणून उभी आहे.

पेटुनिया आली कुठून?

पेटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेची. बूगँव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सामील झालेला फ्रेंच निसर्ग-अभ्यासक कॉमेर्सां याने १७६७ मध्ये ला प्लाटा नदीच्या मुखाशी पांढऱ्या फुलांची एक वनस्पती गोळा केली. १८०३ मध्ये जुस्य या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या प्रजातीला 'पेटुनिया' हे नाव दिले. तिकडच्या तुपी लोकांच्या भाषेत तंबाखूला 'पेटुन' म्हणत, त्यावरून हे नाव आले. नाते खरेच जवळचे आहे. पेटुनिया, तंबाखू, वांगे, टोमॅटो, बटाटा ही सगळी एकाच कुळातली भावंडे. पुढे १८३१ च्या सुमारास जांभळ्या फुलांची दुसरी जात ब्रिटनमध्ये पोहोचली. पांढरी आणि जांभळी यांच्या संकरातून आज बागेत दिसणारी पेटुनिया तयार झाली.

रानातली पेटुनिया काय करते? फुलते, बी धरते आणि काम संपवते. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार भरतील इतक्या बारीक बिया ती तयार करते. म्हणजे फुले महिनोन्‌महिने येत राहावीत ही आपली इच्छा आहे, झाडाची नव्हे. झाडाला बी हवे आहे. माळ्याची कात्री या दोन इच्छांच्या मध्ये चालते हे लक्षात ठेवू, पुढे ते उपयोगी पडेल.

शेंड्यातून काहीतरी खाली येते

सुरुवात झाली ती वेगळ्याच प्रश्नाने. कुंडीतली रोपे खिडकीकडे का वळतात? चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले. कोंबाच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली तर कोंब प्रकाशाकडे वळत नाही. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला तर मात्र वळतो. गंमत अशी, की वाकण्याची क्रिया टोकात होत नाही, ती त्याच्या खाली होते. तेव्हा टोकाकडून खाली कसला तरी 'प्रभाव' जात असला पाहिजे, असे त्यांनी १८८० च्या पुस्तकात लिहिले.

हा प्रभाव म्हणजे काय, हे शोधायला पुढची पन्नासेक वर्षे लागली. १९१० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये बॉयसेन-येन्सन यांनी कोंबाचे टोक कापले, मध्ये जिलेटिनचा थर ठेवला आणि टोक परत वर बसवले. तरीही कोंब वळला. म्हणजे तो प्रभाव जिलेटिनमधून पार होत होता. १९१९ मध्ये हंगेरीच्या पाल यांनी कापलेले टोक कोंबावर एका बाजूला सरकवून ठेवले. अंधारातही कोंब विरुद्ध बाजूला वाकला. ज्या बाजूला टोक, त्या बाजूला वाढ जास्त!

शेवटचे पाऊल हॉलंडमधल्या युट्रेख्ट इथे तरुण फ्रिट्स वेंट यांनी १९२६ मध्ये टाकले. त्यांनी ओटच्या कोंबांची टोके कापून काही वेळ अगारच्या थरावर ठेवली. मग टोके फेकून दिली आणि त्या अगारचा बारीक चौकोन कापलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवला. कोंब वाकला. टोकाचे काम अगारने केले होते, म्हणजेच टोकातले रसायन अगारमध्ये उतरले होते. किती अंशांनी वाकला हे मोजले की रसायन किती आहे याचा अंदाज बांधता येई. या रसायनाला ऑक्सिन हे नाव मिळाले. 'वाढणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. त्याची रासायनिक ओळख १९३४ मध्ये पटली: इंडोल ॲसेटिक आम्ल. गंमत म्हणजे वनस्पतींचे हे संप्रेरक तेव्हा वेगळे केले गेले ते माणसाच्या मूत्रातून!

खुडलेल्या शेंड्याच्या जागी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. तो जिवंत असतो, पण झोपलेला. शेंडा असेपर्यंत तो उठत नाही. शास्त्रीय भाषेत याला अग्र-प्रभाव म्हणतात. हा प्रभावही ऑक्सिनचाच असेल का?

कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या थिमन आणि स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये हे तपासले. त्यांनी ब्रॉड बीन या शेंगवर्गीय रोपांचे शेंडे कापले. काही रोपांच्या कापलेल्या टोकावर ऑक्सिन असलेला अगार ठेवला आणि तो दर काही तासांनी बदलला. काहींवर नुसता अगार ठेवला. नुसत्या अगारच्या रोपांचे डोळे फुटले. ऑक्सिनवाल्या रोपांचे डोळे झोपलेलेच राहिले, जणू शेंडा अजून जागेवर आहे.

प्रयोग किती नेटका आहे पाहा. एखादी वस्तू काढली की परिणाम थांबतो, आणि तिच्या जागी एकच रसायन ठेवले की परिणाम परत येतो. पुस्तकातले ते एक वाक्य इथून आले. बहुतेक ठिकाणी विषय इथेच संपवलाही जातो.

न बसणारा तुकडा

पण याच काळात ऑक्सफर्डमध्ये रॉबिन स्नो हे वाटाण्यावर काम करत होते. त्यांनी दोन सारख्या फांद्यांची रोपे तयार केली आणि एका फांदीचा शेंडा काढला. अपेक्षा अशी, की शेंडा नाही म्हणजे त्या फांदीवर दडपण नाही. प्रत्यक्षात दुसऱ्या फांदीचा दबाव तिच्यापर्यंत पोहोचत होता. हा दबाव एका फांदीतून खाली उतरून दुसऱ्या फांदीत वर चढायला हवा. ऑक्सिन तर खोडातून वरून खाली असेच वाहते, उलटे नाही! मग वर चढणारा हा दुसरा कोण? ऑक्सिन स्वतः डोळ्यांना रोखत नसावे, त्याच्यामुळे दुसरेच काही घडत असावे, असा स्नो यांचा १९३० च्या दशकातला तर्क होता.

पुढे किरणोत्सारी खूण लावलेले ऑक्सिन मिळू लागले, तेव्हा या तर्काला बळ मिळाले. खोडात वाहणारे ऑक्सिन डोळ्यात जवळजवळ शिरतच नाही, असे दिसले. म्हणजे हुकूम शेंड्याचा, पण तो डोळ्याच्या दारापर्यंत नेणारा निरोप्या वेगळा.

एक निरोप्या १९५० च्या दशकात सापडला. त्याच स्कूग यांनी मिलर आणि सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये कायनेटिन शोधले. पुढे या गटाला सायटोकायनिन हे नाव पडले. १९५८ मध्ये थिमन यांनी विक्सन यांच्याबरोबर दाखवले, की वाटाण्याच्या झोपलेल्या डोळ्याला कायनेटिन दिले तर ऑक्सिन असतानाही तो जागा होतो. पण हा झाला उठवणारा निरोप्या. 'झोपून राहा' असे सांगणारा अजून सापडायचा होता.

पेटुनियाची साक्ष

इथे पेटुनिया प्रयोगशाळेत येते. ती लवकर फुलते, तिचे कलम सहज बांधता येते आणि तिच्यात बाहेरचे जनुक घालणेही सोपे. १९९० मध्ये कॅरोलिन नॅपोली आणि सहकाऱ्यांनी फुलांचा जांभळा रंग गडद करायला रंगाचे जास्तीचे जनुक घातले, तर काही फुले चक्क पांढरी झाली. जनुके गप्प कशी होतात या मोठ्या विषयाची ती एक सुरुवात ठरली. पण ती गोष्ट वेगळी.

याच नॅपोली यांनी १९९६ मध्ये पेटुनियाच्या एका विचित्र वाणाचे वर्णन केले. हे रोप बुटके आणि अतोनात फुटव्यांचे होते. साध्या पेटुनियात फांद्या तिसऱ्या-चौथ्या पेरापासून येतात. यात अगदी बीजपत्रांच्या बेचक्यापासूनच. शेंडा कोणी खुडलेला नव्हता. तो जागेवर होता, पण त्याचे कोणी ऐकत नव्हते! अग्र-प्रभाव कमी झालेला म्हणून या वाणाला 'डॅड-१' असे नाव पडले.

आता यातला कलमांचा प्रयोग पाहू. साध्या पेटुनियाच्या खुंटावर डॅड-१ ची कलमकाडी बांधली. वर वाढणारी फांदी डॅड-१ ची, पण ती जवळजवळ साध्या पेटुनियासारखी वाढली! याहून आश्चर्य पुढे आहे. खुंटही डॅड-१ चा आणि काडीही डॅड-१ ची, मध्ये फक्त साध्या पेटुनियाच्या खोडाचा एक लहानसा तुकडा. तेवढ्यानेही वरची काडी शहाणी झाली.

याचा अर्थ विद्यार्थ्यांना काढू द्यावा. डॅड-१ मध्ये डोळ्यांना ऐकू येते, फक्त त्यांना सांगणारे द्रव्य तयार होत नाही. साध्या पेटुनियाच्या मुळांत आणि खोडात ते तयार होते, वर चढते, आणि अगदी थोडे असले तरी पुरते. स्नो यांचा वर चढणारा दुसरा निरोप्या तो हाच! ऑस्ट्रेलियात वाटाण्याच्या फुटवेवाल्या वाणांवरची कलमेही हीच गोष्ट सांगत होती. पण निरोप्याचे नाव कोणालाच माहीत नव्हते.

टारफुल्याचा धागा

ते नाव एका अनपेक्षित दिशेने आले. आपल्याकडच्या ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला टारफुला हे तण चांगले ठाऊक आहे. ते ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस शोषते. त्याची बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळ योग्य मूळ आले की मगच रुजते. बीला हे कळते कसे? १९६६ मध्ये अमेरिकेत कापसाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवातून हे रुजवणारे द्रव्य वेगळे काढले गेले. टारफुल्याच्या 'स्ट्रायगा' या शास्त्रीय नावावरून त्याला स्ट्रायगोल म्हटले. त्याच्यासारख्या द्रव्यांचा गट म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन.

पण कोणती वनस्पती स्वतःच्या शत्रूला बोलावणे का धाडेल? जवळजवळ चाळीस वर्षे या प्रश्नाला पटणारे उत्तर नव्हते. २००५ मध्ये जपानच्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी ते दिले. ही हाक मुळात मित्रासाठी आहे. मुळांशी सहजीवन करणाऱ्या आणि त्यांना मातीतले फॉस्फेट आणून देणाऱ्या बुरशीचे धागे या द्रव्यामुळे फांद्या फोडतात. टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

त्याच वर्षी पेटुनियाच्या डॅड-१ जनुकाची ओळख पटल्याचे प्रसिद्ध झाले. ते ज्या विकराचे जनुक निघाले, तो गाजरातल्या केशरी रंगाच्या जातीची, म्हणजे कॅरोटिनॉइड गटातली, द्रव्ये तोडतो. स्ट्रायगोलॅक्टोनही याच द्रव्यांपासून बनतात असे दिसत होते. दोन धागे जुळले. २००८ मध्ये एक फ्रान्समधला आणि एक जपानमधला, अशा दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले, की डोळ्यांना झोपवणारे ते अनाम द्रव्य म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन किंवा त्यांपासून बनणारे काही असते. फुटवेवाल्या वाणांना ते बाहेरून दिले की फुटवे थांबत. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी पेटुनियातच डॅड-२ हे प्रथिन ओळखले. ते या द्रव्याला धरते, म्हणजे तो डोळ्याचा कान.

आता माळ्याच्या आणखी एका अनुभवाचा उलगडा होतो. फॉस्फेट कमी पडले की बरीच झाडे स्ट्रायगोलॅक्टोन जास्त बनवतात. त्यामुळे बुरशीला हाक जाते आणि फुटवेही आवरले जातात. जमिनीत माल कमी, तर संसार वाढवू नये, असा हा हिशोब. उपाशी कुंडीत नुसता शेंडा खुडून भागत नाही, ते यामुळे.

साखर आधी पोहोचते

इथे तरी गोष्ट संपावी! पण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या संशोधकांना एक हिशोब जुळेना. ऑक्सिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने उतरते. उंच वाटाण्याचा शेंडा कापला, तर बरेच खाली असलेल्या डोळ्याजवळचे ऑक्सिन कमी व्हायला खूप वेळ लागायला हवा. डोळे मात्र त्याच्या कितीतरी आधी फुगू लागतात. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले, की पहिली खबर साखरेची असते. वाढता शेंडा पानांत तयार झालेली साखर आपल्याकडे ओढतो. तो गेला की ती साखर झपाट्याने खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. त्यांनी पुढे वाढायचे की नाही, हे ठरवताना संप्रेरकांचे काम असते.

माळ्याचे ते वाक्य आठवा: "शेंडा मारला की जोर खाली येतो." जोर म्हणजे साखर असे त्याला म्हणायचे नव्हते, हे खरे. पण ऐंशी वर्षे आपण ते वाक्य अडाणी समजून बाजूला ठेवले होते आणि त्यात तथ्य निघाले, हेही खरे.

सुकलेले फूल का काढायचे?

आता माळ्याचे दुसरे काम. १९०९-१० मध्ये जावा बेटावरच्या ऑर्किडांचा अभ्यास केलेल्या जर्मन शास्त्रज्ञ हान्स फिटिंग यांनी दाखवले, की परागण झाले की फूल लवकर कोमेजते आणि निर्जीव परागांचा अर्क लावूनही हाच परिणाम मिळतो. म्हणजे इथेही रसायनाचाच निरोप होता. पेटुनियातही परागण झालेले फूल न झालेल्या फुलाच्या आधी कोमेजते. परागणानंतर फुलात इथिलीन वायू तयार होतो आणि पाकळ्यांना सुकण्याचा इशारा मिळतो. १९९७ मध्ये इथिलीनची दखलच न घेणाऱ्या पेटुनिया तयार केल्या गेल्या, तेव्हा त्यांची फुले जास्त टिकली.

पण एका फुलाचे टिकणे वेगळे आणि झाडाचे फुलत राहणे वेगळे. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या लहान रोपावर १९९४ मध्ये केलेल्या कामात दिसले, की ठरावीक संख्येने शेंगा धरल्या की सगळी टोके फुले देणे थांबवतात. शेंगा काढत राहिले, किंवा बीच धरता येत नसेल, तर ती पुढे कितीतरी फुलत राहतात. २०२० मधल्या संशोधनाने सांगितले, की फळांतून बाहेर पडणारे ऑक्सिन हा थांबण्याचा निरोप देते. पुन्हा ऑक्सिनच! ॲराबिडॉप्सिसचे सगळे तपशील पेटुनियाला जसेच्या तसे लागू होतील असे नाही, पण कुंडीतला अनुभव त्याच दिशेचा आहे.

म्हणून सुकलेल्या पाकळ्या नुसत्या ओढून काढणे पुरेसे नाही. पाकळ्या गेल्या तरी खाली हिरव्या निदलपुंजात अंडाशय राहतो आणि त्याचे बोंड वाढत राहते. देठासकट खुडावे लागते.

वर्गात काय करता येईल?

हरभरा, वाटाणा किंवा घेवडा डब्यांत पेरून चार गट करा. पहिल्याला हात लावू नका. दुसऱ्याचा शेंडा खुडा. तिसऱ्याचा खुडून त्या जागी साधे व्हॅसलिन लावा. चौथ्याचा खुडून, कलमांना मुळे फुटावीत म्हणून मिळणारी पावडर व्हॅसलिनमध्ये कालवून लावा. या पावडरीत बहुधा ऑक्सिन गटातलेच द्रव्य असते. पावडर शिक्षकांनीच हाताळावी आणि नंतर हात धुवावेत. प्रत्येक गटात किमान पाच रोपे ठेवा आणि रोज फुटवे मोजून लिहा. तिसरा गट कशासाठी, हे मुलांनाच विचारा.

पेटुनियाच्या तीन कुंड्या मिळाल्या तर एकीची सुकलेली फुले तशीच ठेवा, दुसरीच्या फक्त पाकळ्या काढा, तिसरीची फुले देठासकट खुडा. दर आठवड्याला नवी फुले मोजा.

निकाल पुस्तकातल्या वाक्याप्रमाणे येतील किंवा येणार नाहीत. न आले तर ते पुसून टाकू नयेत, असे आम्हांला वाटते. स्नो यांच्या हाती १९३० च्या दशकात असाच एक न बसणारा निकाल होता. तो त्यांनी लिहून ठेवला, आणि सत्तरएक वर्षांनी त्याचे उत्तर सापडले.